न पाहता घेतलेली जुनी गाडी : शब्द, अनुशय आणि मूळपण

धान्याचा व्यापारी दूरच्या गिऱ्हाइकाला वानगी पाठवतो. मूठभर तांदूळ पाहिला की पोत्यात काय आहे ते कळते, कारण एका दाण्यासारखाच दुसरा असतो. नवी मोटारही याच जातीची वस्तू. शोरूममध्ये उभी असलेली एक पाहावी आणि कारखान्यातून येणाऱ्या दुसरीचे पैसे भरावेत, त्यात जोखीम फारशी नाही. जुन्या मोटारीला मात्र वानगी नसते. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी बाहेर पडलेल्या दोन गाड्या साठ वर्षांनी एकमेकींच्या कोणी लागत नाहीत. एक कोरड्या हवेत शेडखाली राहिलेली असते, दुसरी खाऱ्या वाऱ्यात टॅक्सी म्हणून झिजलेली. त्यामुळे अशी गाडी हजार किलोमीटरवरच्या अनोळखी माणसाकडून घेताना दोन प्रश्न एकदम उभे राहतात. न पाहिलेल्या वस्तूबद्दल दुसऱ्याच्या शब्दावर किती विसंबावे, हा ज्ञानाचा प्रश्न. इतके भाग बदलल्यावर विकली जाते ती नेमकी कोणती वस्तू, हा अस्तित्वाचा प्रश्न. भारतीय दर्शनकारांनी आणि धर्मशास्त्रकारांनी हे दोन्ही प्रश्न गाय, रथ आणि रत्ने यांच्या उदाहरणांनी हाताळलेले आहेत. मोटारीने त्यांत नवे तत्त्व आणलेले नाही, जुनी तत्त्वे कसोटीला लावली आहेत.

उदाहरण एका ठिकाणाचे धरले की बोलणे सोपे जाते. हिर्डोशी हे भोर तालुक्यातले गाव, भोर–महाड रस्त्यावरचे, जुन्या हिर्डस मावळातले. खाली नीरा-देवघर धरणाचे पाणी, वर वरंधा घाट. पाऊस असा की घाटातली वाहतूक पावसाळ्यात अनेकदा बंद ठेवावी लागते. इथल्या कोणा हौशी माणसाला कोइमतूरकडे असलेली १९६० च्या दशकातली फियाट अकराशे घ्यायची आहे, असे समजावे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यातली ही गाडी. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढे सलग बाकडे. हिच्या जुन्या रूपाला मुंबईकरांनी डुक्कर फियाट म्हटले. पुढे हीच प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली, आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुंबईत धावली. हिर्डोशीतल्या माणसाच्या हाती येते ते इतकेच: पंधरा-वीस फोटो, दोन व्हिडिओ, आरसी बुकाची प्रत आणि फोनवरचा आवाज. त्या आवाजाचे म्हणणे असे की गाडी एक नंबर आहे, घरातलीच आहे, आणि दुसरे गिऱ्हाईक तयार असल्यामुळे टोकन आजच टाकावे.

यांतले ज्ञान कोणते आणि नुसता समज कोणता, हे ठरवण्याचे साधन म्हणजे प्रमाणविचार. चार्वाकाने एकटे प्रत्यक्ष मानले. तो ही गाडी घेणारच नाही. कोइमतूरला जाईल, नाहीतर घरी बसेल. बौद्धांनी आणि वैशेषिकांनी अनुमानाची भर घातली आणि शब्दाला अनुमानाच्याच पोटात ठेवले. सांख्यांनी शब्द वेगळा काढून तीन प्रमाणे मानली, न्यायदर्शनाने उपमान धरून चार, आणि भाट्ट मीमांसकांनी व अद्वैत्यांनी अर्थापत्ती व अनुपलब्धी मिळवून सहा. दूरच्या खरेदीत ही सहाही कामाला येतात, पण सारखी नाहीत.

फोटोचे प्रकरण आधी निकालात काढावे लागते, कारण फसगत बहुधा तिथेच होते. फोटो डोळ्यांनी दिसतो म्हणून तो प्रत्यक्ष वाटतो. परंतु कॅमेरा कुठे वळवायचा, कुठे थांबवायचा आणि कोणत्या उन्हात धरायचा, हे विकणाऱ्याने ठरवलेले असते. म्हणजे फोटो हे विकणाऱ्याचे विधानच आहे, शब्दांऐवजी रंगांत केलेले. त्याची किंमत विकणाऱ्याच्या शब्दाइतकीच, कमी नाही आणि जास्तही नाही. व्हिडिओ कॉलवर घेणारा ‘जरा खाली दाखवा’ म्हणू शकतो. तेवढ्यापुरता कॅमेरा त्याच्या ताब्यात येतो आणि प्रत्यक्षाचा थोडा अंश मिळतो. इंजिनाचा वास, ब्रेकचा पायाला लागणारा दाब, दरवाजा लावताना येणारा आवाज मात्र कॉलवरूनही येत नाही.

भाट्ट मीमांसकांचा अनुपलब्धीचा विचार इथे विशेष उपयोगाचा आहे. टेबलावर घागर नाही हे ज्ञान, त्यांच्या मते, घागर न दिसण्यातून होते. पण त्याला एक अट आहे: घागर असती तर ती दिसलीच असती, अशी स्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घागर दिसली नाही म्हणून ती नाही असे म्हणता येत नाही. यालाच योग्यानुपलब्धी म्हणतात. ‘फोटोत कुठे गंज दिसत नाही’ हे वाक्य या अटीवर तपासले की कोसळते. गंज धरतो तो पायाखालच्या पत्र्याला, दरवाज्याखालच्या पट्टीला, चाकांच्या कमानींच्या आतल्या अंगाला. फोटो असतो बोनेटचा. जिथे गंज असता तर दिसला असता, त्या जागेचा फोटो मागवल्याशिवाय गंज नाही हे ज्ञान होतच नाही.

अनुमानाचेही असेच. एक्झॉस्टमधून निळसर धूर येतो, तेव्हा इंजिन ऑइल जाळते आहे, हे अनुमान बव्हंशी चांगले ठरते. नवा चकचकीत रंग आहे, म्हणून गाडी सांभाळलेली आहे, हे अनुमान वाईट. कारण मोडकळीला आलेल्या गाडीलाही विकण्यापूर्वी रंग मारतातच. जो हेतू साध्य असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही ठिकाणी सापडतो, त्याला नैयायिक सव्यभिचार म्हणतात. गॅरेजवाल्यांना हा शब्द ठाऊक नसतो, पण ते गाडीच्या अंगावरून छोटे लोहचुंबक फिरवतात. पत्र्यावर ते धरते, जाड लांबी भरलेली असेल तिथे निसटते. रंगाखालचा प्रकार असा एका मिनिटात उघड होतो. चुंबक फिरवणारा हात मात्र कोइमतुरात हवा.

उरतो तो शब्द, आणि खरे ओझे त्याच्यावरच आहे. न्यायदर्शनाने आप्ताचे वचन प्रमाण मानले. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. भाष्यकार वात्स्यायनाने त्याचे लक्षण असे सांगितले की, ज्याने वस्तू स्वतः नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू आहे. ही शेवटची पुस्ती फार मोलाची. आपल्या गावचा, आपल्या जातीचा, आपली भाषा बोलणारा म्हणून कोणी आप्त होत नाही, आणि परका म्हणून कोणी त्यातून बाद होत नाही. कोइमतूरचा अनोळखी मेकॅनिक, ज्याने ती गाडी दहा वर्षे हाताळली आहे आणि ज्याला या विक्रीत दलाली नाही, तो हिर्डोशीकराचा आप्त ठरतो. भोरमधला मेहुणा, ज्याने गाडी पाहिलेलीच नाही, तो ‘घेऊन टाका भावजी’ म्हणाला तरी आप्त ठरत नाही. लक्षणाची दोन अंगे वेगळी तपासता येतात. पुष्कळ विक्रेते खोटे बोलत नसतात, त्यांना माहीतच नसते. वडिलांची गाडी विकणाऱ्या मुलाने बोनेट उघडलेलेही नसते. त्याची इच्छा शुद्ध असते, ज्ञान नसते. दलालाचे नेमके उलटे.

शब्द ऐकताक्षणी प्रमाण मानायचा की पडताळा आल्यावर, यावर मीमांसक आणि नैयायिक यांच्यात मोठा वाद झाला. मीमांसकांचे म्हणणे असे की ज्ञान स्वतःच प्रमाण असते. दोष दाखवला गेला तरच ते बाद होते. नैयायिकांचे म्हणणे असे की प्रामाण्य बाहेरून येते. पाणी दिसले, ते पिऊन तहान भागली, मग आधीचे दर्शन खरे होते हे ठरले. दूरच्या खरेदीत नैयायिकाची अडचण होते, कारण पडताळा गाडी ट्रेलरवरून उतरल्यावर मिळणार आणि पैसे त्याआधी जाणार. नैयायिकांना ही अडचण दिसली होती. त्यांचे उत्तर असे की कृतीला निश्चय लागत नाही, संशय असतानाही माणूस कृती करतो. शेतकरी पाऊस नक्की पडेल हे कळल्यावर पेरत नाही. उत्तर बरोबर आहे, पण त्यातून एक गोष्ट निघते. संशयात केलेल्या कृतीला परतीची वाट हवी. पेरणी फसली तर दुबार पेरणी करता येते. पूर्ण रक्कम आधी दिलेल्या खरेदीत दुबार काही नसते.

हिर्डोशीवरून वरंधा घाट उतरला की शिवथरघळ येते. समर्थ रामदासांनी दासबोध तिथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. वीस दशक आणि दोनशे समासांच्या या ग्रंथाचा प्रत्ययावरचा भर विलक्षण आहे. प्रचीती नसलेले बोलणे, मग ते गुरूचे असो, समर्थ पारखून घ्यायला सांगतात. श्रद्धेचा ग्रंथ म्हणून तो वाचणाऱ्यांना हे विसरायला होते.

पण घाटावरच्या मावळात सतराव्या शतकात चाललेला व्यवहार बहुतांशी शब्दावरच चालला होता, हेही तितकेच खरे. वतन कोणाचे, हा वाद उभा राहिला की गोतसभा बसे, साक्षी होत आणि महजर लिहिला जाई. त्यावर पाटील नांगराची निशाणी करी, बलुतेदार आपापल्या हत्याराची. ज्यांनी पिढ्यान्पिढ्या शिवार पाहिले, त्यांचे एकत्रित वचन म्हणजे पुरावा. वात्स्यायनाच्या आप्ताचे हे सामुदायिक रूप. माणसांच्या शब्दाने निकाल लागेना, तेव्हा देवाला मध्ये घेत. बेलभंडार उचलून शपथ होई. हिंदू-मुसलमानांच्या करारांत बेल आणि रोटी दोन्ही येत. टोकाला दिव्य: कढत्या तेलातुपातून धातूचा रवा काढायचा, हात बांधून त्यावर मोहोर करायची आणि काही दिवसांनी उघडून पाहायचा. दिव्याचे समर्थन आज कोणी करणार नाही. मात्र शपथेमागचा हिशेब नीट होता. खोटे बोलण्याची किंमत वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त करून ठेवायची, म्हणजे शब्दाला वजन येते. पेढ्यांची हुंडी याच हिशेबावर चाले. शहाजोग हुंडीचे पैसे पत असलेल्या शाहूलाच मिळत. बाजारातली पत गेली की सगळेच गेले. मोबाइल नंबर बदलला की नाहीसा होणाऱ्या विक्रेत्याचे असे काहीच पणाला लागलेले नसते. दूरचा व्यवहार धोक्याचा होतो तो मैलांमुळे कमी आणि यामुळे जास्त.

शब्द खोटा ठरल्यावर काय, याचा विचार धर्मशास्त्राने केला आणि तो आजच्या कायद्यापेक्षा काही बाबतींत स्वच्छ आहे. व्यवहारपदे, म्हणजे दाव्यांचे विषय, अठरा. त्यांत क्रीतानुशय नावाचे एक पद आहे: घेतल्यावर झालेला पश्चात्ताप. नारदस्मृती म्हणते, घेणाऱ्याने वस्तू आधी स्वतः तपासावी. तपासून पसंत केलेली परत करता येत नाही. पसंती चुकली असे वाटले तर त्याच दिवशी, वस्तू न बिघडवता, परत द्यावी. दुसऱ्या दिवशी दिली तर किमतीचा तिसावा भाग जातो, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट, पुढे हक्क संपतो. मनूने सरसकट दहा दिवस दिले, तेही घेणारा आणि विकणारा दोघांना. नारद आणि याज्ञवल्क्य यांनी परीक्षेचे दिवस वस्तूप्रमाणे वेगळे लावले: लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नांना सात, बियाण्याला दहा. याच यादीत दासदासींनाही दिवस दिलेले आहेत. ते वाचताना त्या काळाचा दुसरा चेहरा दिसतो आणि तो झाकण्यात अर्थ नाही. पण वस्तूंपुरता हा हिशेब शहाणपणाचा आहे. ज्या वस्तूचा दोष जितक्या दिवसांत बाहेर येतो, तितके दिवस तिला. दूध दोन-तीन वेळा काढल्याशिवाय गाय कळत नाही, बैल चार दिवस जुंपल्याशिवाय कळत नाही, बी उगवल्याशिवाय कळत नाही. मोटार या यादीत कुठे बसवायची असा प्रश्न एखाद्या शास्त्र्याला घातला असता, तर लोखंड म्हणून त्याने तिला एक दिवस दिला नसता. ओझे वाहणारी म्हणून पाच दिले असते. गाडी गरम होऊन चढावर कशी वागते हे कळायला तितके लागतातच.

दोष झाकून विकणाऱ्याबद्दल स्मृती कडक आहेत. निर्दोष दाखवून सदोष दिले तर दुप्पट किंमत परत आणि वर दंड. घेणाऱ्यालाही त्या मोकळे सोडत नाहीत. याज्ञवल्क्याच्या मते एकांतात, अवेळी किंवा फारच कमी किमतीला घेतलेला माल चोरीचा निघाला, तर घेणाराही चोरांतच जमा. फारच स्वस्त मिळते आहे ही खूण आहे, नशीब नव्हे, हे त्याने ओळखले होते.

हाच धर्मविचार मावळाच्या शेजारी दुसऱ्या रूपात नांदतो. घाटाखाली महाडच्या बाजूला कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे, आणि कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई पंथाचे. न पाहिलेल्या विशिष्ट वस्तूची विक्री शाफई मताला मान्य नाही, कारण तिच्यात घरर, म्हणजे अनिश्चिततेचा दोष आहे. देशावरचे मुसलमान मोठ्या संख्येने हनफी. हनफी मत अशी विक्री मानते, पण घेणाऱ्याला खियार देते: वस्तू पाहिल्यावर नाही म्हणण्याचा हक्क. म्हणजे एकाच घाटाच्या दोन अंगांना या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. पैगंबरांविषयीची एक हदीस दोघांनाही मान्य आहे. बाजारात धान्याच्या राशीत त्यांनी हात घातला तर आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विकणारा म्हणाला. मग ओले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले. भाताच्या मुलुखात हे लगेच समजते. लांबीखालचा गंज ही राशीतली ओलच. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे जे अतिचार दिले आहेत, त्यांत प्रतिरूपक व्यवहार येतो: अस्सल म्हणून नक्कल खपवणे. ज्यांच्या कारखान्यात ही फियाट तयार झाली ते वालचंद सोलापूरच्या जैन घरातले होते; आज तिच्या नावावर बनावट सुट्या भागांचा बाजार चालतो. महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्याला धर्म शिकायला ज्याच्याकडे पाठवले जाते, तो तुलाधार काशीचा वाणी आहे. जाजलीच्या जटांत पाखरांनी घरटे केले तरी तो हलला नव्हता, इतके त्याचे तप. तुलाधाराची पुंजी एवढीच की त्याचा तराजू सर्वांना सारखा. धर्माची परीक्षा अरण्यात नव्हे तर दुकानात लावली आहे, ही गोष्ट कीर्तनांतून जितकी यायला हवी तितकी येत नाही.

आता दुसरा प्रश्न. गाडी आली, ठीक निघाली, तरी ती तीच आहे का? ‘ओरिजिनल आहे’ या एका शब्दावर जुन्या गाडीची किंमत दुप्पट होते, म्हणून प्रश्न पोकळ नाही. मिलिंदपञ्हात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो की, ज्या रथातून राजा आला तो रथ म्हणजे काय: आस, चाके, सांगाडा, की जू? यांपैकी एकही नाही, आणि यांच्याबाहेरही काही नाही; रथ हे नाव या जुळणीला दिलेले आहे. ग्रीकांनी हाच प्रश्न थेसियसच्या जहाजाची एकेक फळी बदलून विचारला. नैयायिक बौद्धांशी भांडले ते इथेच. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे अख्खी वस्तू, अवयवांहून वेगळी आणि खरी असते. पण त्यांनाही कबूल करावे लागले की एक अवयव गेला किंवा आला की जुना अवयवी नष्ट होऊन नवा उत्पन्न होतो, आणि ‘तीच ही’ ही ओळख सारखेपणामुळे होते. म्हणजे साधा प्लग बदलला तरी नवी गाडी! व्यवहारात हे कोणी मानत नाही, आणि मानू नये.

देवस्थानांनी याच अडचणीतून दोन वाटा काढल्या आहेत. पंढरपूरला मूर्तीची झीज थांबवण्यासाठी वज्रलेप करतात. मूर्ती तीच राहते, वरून राखण होते. पुरीला जगन्नाथाच्या लाकडी मूर्ती ठरावीक योगावर पूर्ण बदलतात, १९९६ आणि २०१५ साली बदलल्या. आतला ब्रह्मपदार्थ तेवढा जुन्यातून नव्यात जातो आणि देव तोच राहतो. मोटार कायद्याने दुसरी वाट धरली आहे. रंग बदला, सीट बदला, नोंद करून इंजिनही बदला. चासी नंबर हा ब्रह्मपदार्थ. म्हणून आरटीओत त्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेतात.

फियाट अकराशेच्या बाबतीत यात एक गंमत आहे. जीपला किंवा त्याआधीच्या मोटारींना लोखंडी चासी वेगळी असते आणि बॉडी तिच्यावर बसवलेली. या फियाटला वेगळी चासी नाहीच. पत्र्याचे अंग हाच सांगाडा. त्यामुळे हिचा कुजलेला तळ कापून नवा पत्रा जोडला, तर अंगरखा बदलला असे म्हणता येत नाही, हाड बदललेले असते. आणि तळ न बदलता चालवायची तर पाय रस्त्याला लागतील. १५ जुलै २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने पन्नास वर्षांवरच्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेतला वेगळा क्रमांक देण्याची सोय केली. नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. अट अशी की चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल नसावा. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढता येते. म्हणजे मूळपण जपायचे तर चालवणे सोडावे लागते. मूर्ती खंडित होऊ नये म्हणून तिला पाण्याचा स्पर्श न होऊ देण्यासारखेच हे.

मूळपणाचा हा आग्रह अर्धा चुकीचा आहे. साठ वर्षे चाललेल्या यंत्रात मूळ म्हणून जे उरते तो त्याच्या दुरुस्त्यांचा इतिहासच असतो. पत्रा कोणत्या साली कापला, इंजिन कोणाचे घातले, अपघात कुठे झाला हे सांगणारी वही असली, तर बदललेली गाडीही खरी आहे. वही नसलेली ‘शंभर टक्के ओरिजिनल’ गाडी संशयास्पद आहे. फसवणूक बदलात नसते, बदल लपवण्यात असते.

मालकीचाही पेच थोडक्यात पाहायला हवा. याज्ञवल्क्यस्मृतीवरची मिताक्षरा विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात लिहिली आणि महाराष्ट्रात ती शतकानुशतके प्रमाण राहिली. स्वत्व ही लौकिक गोष्ट आहे, शास्त्रावाचूनही लोकांना ती कळते, असे तो मांडतो; आणि भोगापेक्षा आगम, म्हणजे ताब्यापेक्षा हक्काचे मूळ, वरचढ धरतो. जुन्या गाड्यांच्या बाजारात भोग असतो, आगम हरवलेला असतो. आरसी बुकावर नाव कोणा तिसऱ्याचे, तो हयात नाही, आणि सह्या केलेले कोरे २९ व ३० नंबरचे फॉर्म चार हातांतून फिरलेले. विक्री करण्याचा अधिकार नसलेल्याकडून घेतले तर घेणाऱ्याला मालकी मिळत नाही, हे स्मृतींनी अस्वामिविक्रय म्हणून सांगितले आणि १९३० च्या विक्री कायद्याच्या कलम २७ नेही तेच, काही अपवाद ठेवून, सांगितले. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते. ती मिळत नसेल, तर गाडी कितीही देखणी असो, व्यवहार तिथेच थांबवावा.

अशी गाडी हवीच कशाला, हा प्रश्न वैरागी माणूस विचारील. त्याला उत्तर देणे कठीण आहे. वडिलांच्या गाडीत मागच्या सीटवर बसून वरंध्यातून महाडला गेलेल्याला पन्नाशीत तीच गाडी हवीशी वाटते. त्याला तो प्रवास हवा असतो आणि विकत गाडी मिळते. खंडेनवमीला हत्यारांची आणि दसऱ्याला गाडीची पूजा करणाऱ्या समाजात यंत्राविषयी कृतज्ञता आणि यंत्राचा मोह यांच्यातली रेघ पुसट असणारच. मोहाने घेणाऱ्याला फसवणे सोपे असते एवढे खरे, कारण तो दोष शोधत नाही, आठवणी शोधतो.

राहिला प्रश्न सावधगिरी कोणाच्या माथी असावी याचा. इंग्रजी कायद्यातून आलेले तत्त्व असे की घेणाऱ्याने आपले आपण पाहावे. विक्री कायद्याचे कलम १६ त्यावरच उभे आहे. समोरासमोरच्या बाजारात ते रास्त होते, कारण बैलाचे दात घेणारा स्वतः पाहू शकत होता. ज्याला पाहताच येत नाही त्याला ‘तू पाहिले का नाहीस’ असे विचारणे न्यायाचे नाही. अंतर वाढते तसे सांगण्याचे कर्तव्य विकणाऱ्याकडे सरकते. नारद, हनफी मत आणि तुलाधार तिघेही याच बाजूला उभे आहेत. खुद्द १९३० चा कायदाही सगळा दुसऱ्या बाजूला नाही. वर्णनावरून विकलेली वस्तू वर्णनाप्रमाणे असलीच पाहिजे, असे कलम १५ म्हणते. घेणाऱ्याला तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत त्याने माल स्वीकारला असे धरत नाहीत, असे कलम ४१ म्हणते. आणि पसंतीच्या बोलीवर दिलेला माल घेणाऱ्याने पसंती कळवेपर्यंत, किंवा ठरलेली मुदत उलटेपर्यंत, त्याच्या मालकीचा होत नाही, असे कलम २४ म्हणते.

म्हणून इसारपावती करताना ‘माल पसंतीच्या बोलीवर, तपासणीची मुदत पाच दिवस’ एवढी ओळ लिहून घ्यावी, आणि ट्रेलरवरून गाडी उतरल्यावर हार घालण्याआधी ती जॅकवर उचलून खालचा पत्रा पाहावा.